युद्धकालीन चिन्हे असलेले जर्मन कॅमेरे : संग्रह, परीक्षण आणि मूल्यनिश्चिती (विशेष संदर्भ : नारायण पेठ, पुणे)

प्रस्तावना

पुण्याच्या नारायण पेठेसारख्या जुन्या वस्तीत वाडा पाडून नवी इमारत उभारण्याची वेळ आली की घरातील माळे, फडताळे आणि लोखंडी ट्रंका रिकाम्या केल्या जातात. पितळी भांडी, पोथ्या, देवघरातील समया यांचे मोल घरच्यांना ठाऊक असते. कातडी पेटीतील जुन्या कॅमेऱ्याबाबत मात्र दोनच टोकांच्या कल्पना आढळतात. एक तर तो निरुपयोगी ठरवून भंगारात दिला जातो व तेथून मंगळवार पेठेतील जुन्या बाजारात पोहोचतो. किंवा त्यावर जर्मन अक्षरे अथवा गरुडाचे चिन्ह दिसताच तो लाखो रुपयांचा असल्याचा समज पसरतो. दोन्ही प्रसंगी कॅमेऱ्यासोबतची पावती, पत्रे आणि निगेटिव्ह मात्र रद्दीत जातात.

दुसऱ्या महायुद्धातील चिन्हे असलेल्या जर्मन कॅमेऱ्यांचे परीक्षण कसे करावे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. लेखाचे मुख्य प्रतिपादन असे की, युद्धकालीन चिन्ह हा अशा वस्तूचा सर्वांत महाग, परंतु सर्वांत दुर्बल पुरावा होय. कारण कॅमेऱ्याच्या अंगातील यंत्ररचना नव्याने घडविणे अवघड असते, चिन्ह कोरणे मात्र सोपे असते. म्हणून परीक्षणाचा क्रम यंत्राकडून चिन्हाकडे जावा; चिन्हाकडून यंत्राकडे जाऊ नये.

जर्मन कॅमेरा उद्योगाची पार्श्वभूमी

दोन महायुद्धांच्या दरम्यान लहान आकाराच्या अचूक कॅमेऱ्यांच्या निर्मितीत जर्मनी अग्रेसर होता. वेट्झलार येथील एर्न्स्ट लाइट्झ यांच्या कारखान्यात ओस्कर बार्नाक या तंत्रज्ञाने ३५ मिलिमीटर रुंदीची चित्रपटाची फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा विकसित केला. १९२५ मध्ये तो लायका या नावाने विक्रीस आला. १९३२ मध्ये अंतरमापक अंगभूत असलेला लायका-दोन आला आणि त्याच वर्षी ड्रेस्डेनच्या झाइस इकॉन कंपनीने कॉन्टॅक्स हा प्रतिस्पर्धी कॅमेरा बाजारात आणला. ब्राउनश्वाइग येथील रोलायफ्लेक्स १९२९ पासून उपलब्ध होता. ड्युसेलडॉर्फ येथे तयार होणारा रोबोट हा कॅमेरा २४ बाय २४ मिलिमीटरचे चौरस चित्र टिपत असे आणि घड्याळासारख्या स्प्रिंगच्या शक्तीने फिल्म आपोआप पुढे सरकवीत असे. या गुणामुळेच तो पुढे जर्मन हवाई दलास उपयुक्त ठरला.

१९३९ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर या कारखान्यांचे उत्पादन मोठ्या प्रमाणात लष्करी गरजांकडे वळले. १९४० मध्ये आलेला लायका तीन-सी हा युद्धकाळाचा प्रातिनिधिक कॅमेरा होय. त्याचे अंग एकसंध साच्यात ओतलेले असून पूर्वीच्या नमुन्यांपेक्षा सुमारे तीन मिलिमीटरने लांब आहे. त्याचे अनुक्रमांक ३६०१०१ पासून सुरू होतात. युद्धकालीन टंचाईच्या खुणाही त्याच्या अंगावर दिसतात. काही कॅमेऱ्यांना क्रोमच्या मुलाम्याऐवजी राखाडी रंग दिलेला आहे, तर काहींच्या शटरचा पडदा नेहमीच्या काळ्याऐवजी लाल रंगाचा आहे. फिल्म मागे गुंडाळण्यासाठी जी छोटी तरफ असते, तिच्याखालील पत्र्याला युद्धकालीन नमुन्यात एक पायरीसारखा उंचवटा आहे. अशा खुणा कोणी मिरविण्यासाठी केलेल्या नाहीत. म्हणूनच परीक्षकाच्या दृष्टीने त्या अधिक विश्वसनीय ठरतात.

पुण्यात असे कॅमेरे येण्याचे मार्ग

नारायणराव पेशव्यांचे नाव लाभलेली नारायण पेठ केसरी वाड्यामुळे वृत्तपत्र आणि मुद्रण या व्यवसायांशी जोडली गेली. अशा वस्तीत जर्मन कॅमेरा सापडणे आश्चर्याचे नाही. तो तेथे कोणत्या मार्गाने आला असावा, याचा विचार मात्र परीक्षणाचा आवश्यक भाग आहे. स्थूलमानाने चार मार्ग संभवतात.

पहिला मार्ग युद्धपूर्व व्यापाराचा. १९३९ पूर्वी जर्मन कॅमेरे भारतात रीतसर आयात होत. या कॅमेऱ्यांवर लष्करी चिन्ह असण्याचे कारण नाही. इंग्रजी भाषिक बाजारपेठेसाठी बनविलेल्या भिंगांवर अंतराची मोजणी बहुधा फुटांत असे, तर जर्मन सैन्याच्या वापरातील भिंगावर ती मीटरमध्ये असणे स्वाभाविक होय. भिंगे बदलता येत असल्याने हा पुरावा निर्णायक नाही. तथापि फुटांतील मोजणी आणि हवाई दलाचे चिन्ह एकत्र आढळल्यास शंका घेणे इष्ट ठरते.

दुसरा मार्ग रणभूमीवरून परतलेल्या सैनिकांचा. मराठा पलटणींनी पूर्व आफ्रिका, उत्तर आफ्रिका आणि इटली या आघाड्यांवर भाग घेतला. नाईक यशवंत घाडगे यांना १९४४ मधील आणि शिपाई नामदेव जाधव यांना १९४५ मधील इटलीतील पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, हे सर्वश्रुत आहे. शत्रूकडून हस्तगत झालेली एखादी वस्तू सैनिकासोबत घरी येणे अशक्य नव्हते. परंतु ‘आजोबांनी इटलीहून आणला’ हे विधान तेवढ्यावर पुरावा ठरत नाही. आजोबा कोणत्या पलटणीत होते, ती पलटण कोणत्या वर्षी कोठे होती आणि कॅमेऱ्याचा अनुक्रमांक त्या काळाशी जुळतो काय, हे तीन प्रश्न विचारल्यावरच त्या विधानाला वजन येते.

तिसरा मार्ग युद्धोत्तर सरकारी विक्रीचा. पुणे हे दक्षिण विभागाचे लष्करी मुख्यालय, आणि खडकी हे दारूगोळा व लष्करी साहित्याचे केंद्र. युद्ध संपल्यावर अतिरिक्त लष्करी साहित्य डिस्पोजलचा माल म्हणून देशभर विकले गेले. त्यातील साहित्यावर ब्रिटिश सरकारी मालकीची बाणाची खूण असे. युद्धकाळात जर्मन मालाची आयात थांबल्याने खुद्द ब्रिटनमध्येही नागरिकांकडील लायका व कॉन्टॅक्स कॅमेरे सरकारी उपयोगासाठी मिळविण्यात आले होते. त्यामुळे जर्मन कॅमेऱ्यावर ब्रिटिश बाण आढळणे विसंगत नाही.

चौथा मार्ग अलीकडचा, म्हणजे संग्राहकांच्या खरेदीचा. गेल्या काही दशकांत परदेशी लिलाव आणि इंटरनेटवरील विक्री यांद्वारे अनेक कॅमेरे भारतात आले. बनावट चिन्हांचे कॅमेरे मुख्यतः या मार्गाने येतात.

याखेरीज एक साधी गल्लत टाळणे आवश्यक आहे. मराठी घरांत सर्रास आढळणारा आग्फा क्लिक-तीन हा कॅमेरा नावाने जर्मन असला तरी बडोदा येथे तयार झालेला आहे. त्याचे कौटुंबिक मूल्य मोठे असले तरी युद्धकाळाशी त्याचा संबंध नाही.

युद्धकालीन चिन्हांचे प्रकार

जर्मन कॅमेऱ्यांवरील लष्करी चिन्हे प्रामुख्याने पुढील प्रकारची असतात.

१) मालकीदर्शक शब्द : ‘लुफ्तवाफेन-आयगेंटुम’ म्हणजे हवाई दलाची मालमत्ता. हे शब्द वरच्या पत्र्यावर किंवा मागील बाजूस कोरलेले असतात. भूदलासाठी ‘हेअर’ हा शब्द किंवा त्याची आद्याक्षरे आढळतात, तर नौदलाच्या साहित्यावर गरुड आणि ‘एम’ हे अक्षर असते.

२) साहित्य-क्रमांक : हवाई दलाच्या लायका कॅमेऱ्यांवर ३८०७९ हा क्रमांक दिसतो. अनेक जण तो कॅमेऱ्याचा स्वतंत्र अनुक्रमांक समजतात. वस्तुतः तो साहित्याच्या प्रकाराचा क्रमांक असून अनेक कॅमेऱ्यांवर तोच असणे अपेक्षित आहे.

३) तांत्रिक अक्षर : काही लायका तीन-सी कॅमेऱ्यांच्या अनुक्रमांकापुढे ‘के’ हे अक्षर असते आणि शटरच्या पडद्यावरही तेच छापलेले आढळते. शटरच्या यंत्रणेत बॉल-बेअरिंग बसविल्याचे ते द्योतक मानले जाते. त्या अर्थाचा जर्मन शब्द याच अक्षराने सुरू होतो.

४) उत्पादकाचे सांकेतिक अक्षर : कारखान्याचे नाव गुप्त राहावे म्हणून जर्मन लष्करी साहित्यावर तीन अक्षरी संकेत घातले जात. ‘बी-एल-सी’ हा येना येथील कार्ल झाइसचा, तर ‘बी-ई-एच’ हा लाइट्झचा संकेत होय. हे संकेत मुख्यत्वे दुर्बिणी व नेमसाधनांवर दिसतात. लायका कॅमेऱ्यांवर युद्धकाळातही कारखान्याचे पूर्ण नाव कोरलेले असे.

यांच्या जोडीला युद्धोत्तर खुणाही ध्यानात घ्याव्यात. अमेरिकेच्या ताब्यातील विभाग दर्शविणारी खूण १९४५ नंतरची आहे. ‘बुंडेस-आयगेंटुम’ ही खूण पश्चिम जर्मनीच्या संघराज्याच्या मालमत्तेची, म्हणजे युद्धानंतरची होय. लष्करी खूण दिसली म्हणजे ती युद्धकालीनच, असे अनुमान काढता येत नाही.

बनावट कॅमेऱ्यांचा प्रश्न

बनावट युद्धकालीन लायकांचे मूळ सोव्हिएत कॅमेऱ्यांत आहे. खारकीव्ह येथील श्रम-वसाहतीत लायका-दोनची नक्कल करून फेड नावाचा कॅमेरा बनविण्यात आला. १९३४ पासून त्याचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले. फेड ही फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्की यांच्या नावाची आद्याक्षरे होत. १९४८ पासून क्रास्नोगोर्स्क येथे झोर्की हा त्याच घडणीचा कॅमेरा तयार होऊ लागला. हे कॅमेरे विपुल आणि स्वस्त होते. त्यांवरील मूळ अक्षरे घासून काढावयाची आणि तेथे लायकाचे नाव, गरुड, हवाई दलाचे शब्द किंवा १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकचे चिन्ह कोरावयाचे, असा उद्योग त्यातून उभा राहिला. सोनेरी मुलामा दिलेले किंवा रंगीत कातडे चढविलेले ‘जर्मन अधिकाऱ्यांचे कॅमेरे’ हे प्रायः याच जातीचे असतात.

ही फसवणूक ओळखण्याचे काही सोपे उपाय आहेत. भिंग आटे फिरवून काढल्यावर आत, वरच्या बाजूस, अंतरमापकाला भिंगाची हालचाल पोहोचविणारा एक दांडा दिसतो. लायकामध्ये त्याच्या टोकाला लहान गोल चाक असते. फेड आणि झोर्की यांत बहुधा चपटे, बोटासारखे टोक असते. दुसरा उपाय मोजपट्टीचा. लायका तीन-सी सुमारे १३६ मिलिमीटर लांब असतो, तर लायका-दोन व त्याच्या नकला सुमारे १३३ मिलिमीटरच्या असतात. तिसरी खूण कॅमेऱ्याच्या पुढील अंगावर आहे. तीन-सी मध्ये मंद गतींसाठी पुढे एक वेगळी तबकडी असते आणि दोन्ही कडांना पट्टा अडकविण्याच्या कड्या असतात. फेड व पहिल्या झोर्कीत यांपैकी काहीही नसते. तेव्हा वर तीन-सीचा अनुक्रमांक आणि पुढे रिकामे अंग, अशी विसंगती दिसली तर गरुड कितीही रेखीव असला तरी निर्णय झालेला असतो.

अस्सल लायकावर नंतर खोटे चिन्ह कोरणे हा फसवणुकीचा अधिक कठीण प्रकार आहे. येथे यंत्र खरे असते, अनुक्रमांकही खरा असतो. खोटा असतो तो फक्त इतिहास. अशा वेळी भिंगाखाली कोरीव रेषांच्या कडा पाहाव्या लागतात. सभोवतीचा पत्रा ऐंशी वर्षांच्या हाताळणीने झिजला असेल आणि अक्षरांच्या कडा मात्र धारदार असतील, तर कोरीव काम उत्तरकालीन मानावे. जुने ओरखडे अक्षरांवरून जातात की अक्षरे ओरखड्यांवरून, हेही पाहावे. या प्रकाराचा निकाल बहुतेक वेळा धातूवर लागत नाही, तर कागदावर लागतो. लायका कंपनीकडे कॅमेऱ्यांच्या रवानगीच्या नोंदवह्या जतन केलेल्या असून अनुक्रमांकावरून चौकशी करता येते.

परीक्षणाची क्रमबद्ध पद्धती

उपरोक्त विवेचनावरून परीक्षणाचे चार टप्पे निश्चित करता येतात : यंत्र, अनुक्रमांक, चिन्ह आणि ताबा. असे समजा की, नारायण पेठेतील एका वाड्याच्या ट्रंकेत गरुडाचे चिन्ह असलेला कॅमेरा मिळाला. प्रथम त्याची घडण तपासून तो कोणत्या कारखान्याचा व कोणत्या नमुन्याचा आहे ते ठरवावे. नंतर अनुक्रमांक त्या नमुन्याच्या मालिकेत बसतो काय ते पाहावे. तिसऱ्या टप्प्यात चिन्हाचा मजकूर, स्थान, झीज आणि काळ यांची संगती लावावी. शेवटी ताब्याचा इतिहास नोंदवावा : कॅमेरा कोणाकडे होता, केव्हापासून होता आणि त्याला कागदाचा आधार काय. सैनिकाच्या सेवेची कागदपत्रे, पलटणीच्या हालचालींचा इतिहास, जुनी पत्रे व छायाचित्रांच्या मागील तारखा यांचा येथे उपयोग होतो.

नारायण पेठेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून मुठेचे पाणी नदीकाठच्या पेठांत शिरले आणि नारायण पेठ त्यात बुडाली. पुरातून वाचलेल्या वस्तूंवर गाळाचे थर, गंज आणि कातड्याचा आक्रस दिसणे साहजिक आहे. विक्रेत्याच्या लेखी हा दोष होय. अभ्यासकाच्या लेखी मात्र वस्तू १९६१ मध्ये येथेच होती, या कथनाला मिळालेला तो पूरक आधार ठरू शकतो. असा कॅमेरा चकचकीत करून घेणे म्हणजे तो आधार पुसून टाकणे होय.

बाजारभाव आणि पुराव्याचे मूल्य

जून २०२२ मध्ये वेट्झलार येथील लिलावात लायकाच्या प्रारंभिक प्रायोगिक मालिकेतील १०५ क्रमांकाच्या कॅमेऱ्यास १ कोटी ४४ लाख युरो एवढी किंमत मिळाली. तो ओस्कर बार्नाक यांचा स्वतःचा कॅमेरा होता. त्याच मालिकेतील १२५ क्रमांकाचा कॅमेरा २०१८ मध्ये २४ लाख युरोंना विकला गेला होता. दोन्ही कॅमेरे एकाच मालिकेतील, परंतु किमतीतील अंतर सहा पट. या फरकात वस्तू कोणाच्या हातात होती, या सिद्ध झालेल्या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

भारतातील दोन उदाहरणे या संदर्भात उद्बोधक आहेत. मुंबईचे दिलीश पारेख यांच्या ४,४२५ प्राचीन कॅमेऱ्यांच्या संग्रहाची गिनीज विक्रमांत नोंद झाली. संख्येच्या बळावर उभा राहिलेला हा संग्रह होय. दुसरीकडे, छायाचित्रकार कुलवंत रॉय यांच्या निधनानंतर १९८४ मध्ये त्यांच्या निगेटिव्ह व छायाचित्रांच्या पेट्या आदित्य आर्य यांच्याकडे आल्या आणि त्यांतून स्वातंत्र्यकाळाचा एक मोठा दृश्य दस्तऐवज प्रकाशात आला. कॅमेऱ्याने काय पाहिले, हे कॅमेरा सांगत नाही, निगेटिव्ह सांगतात. म्हणून ट्रंक रिकामी करताना कॅमेरा ठेवून निगेटिव्ह टाकून देणे, हा सर्वांत महागडा व्यवहार ठरतो.

या निकषावर पाहिले असता बाजाराचे व इतिहासाचे क्रम वेगळे लागतात. गरुड असलेल्या कॅमेऱ्याला बाजारात अधिक भाव येतो. तथापि डिस्पोजलच्या पावतीसह आलेला, सरकारी बाणाची खूण असलेला आणि पुण्यातील एखाद्या छायाचित्रकाराने वीस वर्षे वापरलेला कॅमेरा पुण्याच्या इतिहासाबद्दल अधिक सांगतो.

चिन्हाचा नैतिक आशय

मराठी घरात स्वस्तिक हे मांगल्याचे चिन्ह आहे. उंबऱ्यावर, चोपडीवर ते काढले जाते. नाझी राजवटीने वापरलेले चिन्ह आकाराने त्याच्याशी मिळतेजुळते असले तरी त्याचा अर्थ वंशद्वेष आणि संहार यांच्याशी बांधला गेला आहे. जर्मनीत दंडसंहितेच्या ८६-अ या कलमानुसार अशा चिन्हांच्या सार्वजनिक वापरास बंदी असून शिक्षण, संशोधन, कला आदींना अपवाद आहे. भारतात अशी बंदी नसली तरी संग्राहकाची जबाबदारी कमी होत नाही. आकाराच्या साम्यामुळे चिन्ह निरुपद्रवी भासणे हाच येथील विशेष धोका आहे.

उत्पादकाचा इतिहासही एकरंगी नाही. लाइट्झ कुटुंबाने अनेक ज्यू कर्मचाऱ्यांना व त्यांच्या परिचितांना परदेशी नोकरीच्या मिषाने जर्मनीबाहेर जाण्यास साहाय्य केले. एर्न्स्ट लाइट्झ यांच्या कन्या एल्झी यांना एका ज्यू स्त्रीला पलायनास मदत केल्याबद्दल १९४३ मध्ये गेस्टापोने अटक केली. त्याच कारखान्यात युद्धकाळात सक्तीने आणलेल्या युक्रेनियन स्त्रिया राबत होत्या, हेही तितकेच खरे. प्रदर्शनातील चिठ्ठीवर या दोन्ही बाजूंची नोंद असावी. केवळ ‘दुर्मीळ नाझी कॅमेरा’ असे लिहिणे अभ्यासाच्या दृष्टीने अपुरे आणि नीतीच्या दृष्टीने अनुचित ठरते.

कायदा आणि जतन

बाजारात ‘अँटिक’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. पुरावशेष व बहुमोल कलाकृती अधिनियम, १९७२ अन्वये सर्वसाधारण वस्तू किमान शंभर वर्षे जुनी असल्याशिवाय पुरावस्तू ठरत नाही. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. १९४० चा लायका २०४० पूर्वी ही मर्यादा ओलांडणार नाही. १९२५ मधील पहिल्या लायकांची शंभर वर्षे मात्र २०२५ मध्ये पूर्ण झाली. अशा वस्तू परदेशी पाठविण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे मत घेणे हिताचे आहे.

जतनाबाबत तीन पथ्ये पुरेशी आहेत. पहिले, कॅमेरा उघडण्यापूर्वी फिल्म गुंडाळण्याची कळ हलक्या हाताने फिरवून पाहावी. ताण जाणवल्यास आत फिल्म आहे असे समजून जाणकाराकडून ती अंधारात काढून घ्यावी. दुसरे, पुण्याच्या पावसाळी हवेत कातडी पेटी दमटपणा धरून ठेवते व भिंगावर बुरशी चढते; म्हणून कॅमेरा पेटीबाहेर, सिलिका जेलसह, कोरड्या बंद कपाटात ठेवावा. पेटी टाकू नये. तीवरील नावे व दुकानाची मोहर हाही पुरावा असतो. तिसरे, पुन्हा मुलामा देणे, रंगविणे किंवा अक्षरांत नवा रंग भरणे टाळावे.

निष्कर्ष

१) युद्धकालीन चिन्ह हे परीक्षणाचे प्रस्थान नसून अंतिम टप्प्यांपैकी एक आहे. यंत्र व अनुक्रमांक यांच्याशी संगती नसलेले चिन्ह पुरावा म्हणून त्याज्य होय.

२) अस्सल यंत्रावरील उत्तरकालीन चिन्ह ओळखण्यासाठी उत्पादकाच्या नोंदी आणि ताब्याचा इतिहास यांना पर्याय नाही.

३) पुण्याच्या संदर्भात ब्रिटिश सरकारी बाण, डिस्पोजलच्या पावत्या, पुराच्या खुणा आणि निगेटिव्ह यांचे ऐतिहासिक मूल्य गरुडचिन्हाहून कमी नाही.

४) दिनकर केळकर यांनी घरगुती वापराच्या वस्तू निष्ठेने गोळा केल्या आणि १९७५ मध्ये तो संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला, म्हणून त्या वस्तू आज अभ्यासता येतात. कॅमेऱ्यांच्या बाबतीत महाविद्यालयांना हे काम अल्प खर्चात आरंभता येईल. इतिहास व भौतिकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन पेठांतील घरांतून कॅमेऱ्यांची जागेवरच नोंद घ्यावी : अनुक्रमांक, मोजमापे, चिन्हांची छायाचित्रे आणि घरातील ज्येष्ठांचे कथन. वस्तू मालकाकडेच राहावी, नोंद संस्थेकडे यावी. वाडा पाडला जाण्यापूर्वी ही नोंद झाली तरच तिला अर्थ आहे; त्यानंतर कॅमेरा मिळेलही, परंतु त्याचा इतिहास सांगणारे घर मिळणार नाही.